अकरा डबे ओट्यावर पडलेत, रिकामे परत कसे करू?

ऐरोलीकरीण
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४१. जानेवारीत ब्रेस्ट कॅन्सर निघाला, स्टेज टू. ऑपरेशन झालं, मग केमोच्या त्या लाल औषधाचे चार डोस झाले दर तीन आठवड्यांनी (ज्यांनी घेतलंय त्यांना कळेल, दुसऱ्या दिवशी लघवीसुद्धा लालसर होते आणि सांगितलेलं असूनही दचकायला होतं), आणि आता दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे केमोचं दुसरं औषध, चालू आहे, बारापैकी चार झाले. खारघरच्या टाटाला जाते, ठाणे-पनवेल लोकल ऐरोलीहून थेट मिळते तेवढं एक बरंय. केस गेले, भुवया गेल्या, बोटांची टोकं बधिर झालीत, ब्लाऊजचे हूक लागत नाहीत. हे सगळं चाललंय, कसं का होईना चाललंय. माझा प्रश्न वेगळाच आहे आणि तो कोणाला सांगितला तर लोक म्हणतील हिला काय सुखातलं दुःख.

पुण्याच्या बहिणीने मला एक छान वही आणून दिली, म्हणाली रोज रात्री तीन गोष्टी लिही ज्याबद्दल तुला कृतज्ञ वाटतं. मी सुरुवात केली. पहिल्या दिवशी लिहिलं, ४०२च्या काकूंनी मुगाची खिचडी पाठवली. दुसऱ्या दिवशी, यांनी आठवी सुट्टी टाकली. तिसऱ्या दिवशी, सासूबाईंनी रात्री अडीचला उठून उलटीची बादली धुतली. आठवड्याने वही उघडून बघितली तर ती कृतज्ञतेची वही नव्हतीच हो, वाण्याच्या उधारीची वही झाली होती. कोणाचं काय घेतलं, कधी घेतलं, किती घेतलं. तेव्हापासून उघडली नाही.

मी सोसायटीत हळदीकुंकू, गणपतीचं जेवण, कोणाचं बाळंतपण, सगळीकडे पुढे असणारी बाई. दुसऱ्याकडून घ्यायची सवयच नाही. आता ओट्यावर अकरा डबे पडलेत. घासून पुसून ठेवलेत, पण आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, आईने शिकवलंय की काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालायची. आणि मला फोडणीच्या वासानेच ढवळतं, करून काय घालणार. हे म्हणाले मी नुसतेच देऊन येतो त्यात काय, तर मी त्यांच्यावर इतकी ओरडले की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

सासूबाई ७२च्या, गुडघे गेलेले. एकदा धीर करून म्हटलं, "आई, थँक्यू." तर म्हणाल्या, "थँक्यू काय गं, परकी आहेस का?" आणि आत निघून गेल्या. म्हणजे फेडताही येत नाही आणि आभारही मानायचे नाहीत. वर येणारा जाणारा म्हणतो किती स्ट्राँग आहेस गं तू. स्ट्राँग काय, मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते.

ज्यांनी मोठं आजारपण काढलंय त्यांना विचारायचंय, तुम्हाला खरंच कृतज्ञ वाटतं का की नुसतं ओझं वाटतं? आणि ओझं वाटत असेल तर ते उतरतं का कधी?

सकारात्मक_ऊर्जा
ताई सगळ्यात आधी निगेटिव्ह विचार बंद करा. आजार आधी मनात येतो मग शरीरात. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणा मी बरी झाले आहे, मी आभारी आहे. रडण्याने पेशींवर परिणाम होतो. सोबत उपाशीपोटी गव्हांकुराचा रस चालू करा, माझ्या ओळखीत एकांना खूप फरक पडला. तुम्ही फायटर आहात!! 🙏

निवृत्त_सिस्टर_कळवा
वरच्या दादांना दंडवत, पण आधी तो रस बाजूला ठेवा. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी खाली येतात, त्यात कच्चा रस, उघड्यावरची चटणी, न धुतलेली कोशिंबीर नको, आणि काहीही नवीन घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. ताई, डब्यातून कोशिंबीर आली तर घरच्यांना द्या. आणि ताप १००.४च्या वर गेला तर क्रोसिन घेऊन झोपू नका, हॉस्पिटलला फोन करा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. "आता कुठे त्रास द्यायचा" म्हणून सकाळपर्यंत थांबलेली माणसं मी बघितलीत. तुमच्यासारख्या कोणाला त्रास न देणाऱ्या बायकाच यात जास्त असतात, म्हणून मुद्दाम सांगतेय.

आता ते रडण्याचं. ३१ वर्षं वॉर्डात काढली. रडणाऱ्यांचा आजार वाढतो आणि हसणाऱ्यांचा बरा होतो असं मला तरी कधी दिसलं नाही. माझी भाची सायकॉलॉजी शिकते, तिने मला एक अभ्यास दाखवला होता, २००७चा, डोकं आणि मानेच्या कॅन्सरचे १,०९३ पेशंट होते त्यात. मनाने बरं वाटणारे जास्त जगले आणि खचलेले कमी जगले असं काही निघालं नाही. पहिल्यांदा ऐकून मला वाईट वाटलं, मग वाटलं बरंच झालं की, म्हणजे रडलं म्हणून गाठ वाढली असं कोणी कोणाला ऐकवायला नको. आधीच आजार, त्यात हसरं राहायची ड्युटी कशाला. तुम्ही रडा. नळ सोडू नका फक्त, पाणी वाया जातं 😄

वहीचं म्हणाल तर ती भानगड अगदीच फुकट नाही. २००३ साली अमेरिकेत एमन्स आणि मॅक्कलॉ म्हणून दोघांनी स्नायू आणि नसांचा आजार असलेल्या लोकांना २१ दिवस रोज असं लिहायला लावलं होतं, त्यांना मनाला थोडं बरं वाटलं, झोपही सुधारली. आजार बरा झाला असं नाही हं, झोप सुधारली. पण त्यांनी आयुष्यात काय चांगलं आहे ते लिहिलं, कोणाचं किती देणं आहे ते नाही. तुम्ही बहुतेक चुकीच्या रकान्यात लिहिताय. माणसांची नावं काढून बघा. "आज चहाची चव लागली." बस, एवढंच. पॅक्लिच्या चौथ्या पाचव्या आठवड्याला चहाची चव लागणं ही काय कमी गोष्ट आहे का.

आणि स्ट्राँग. आमच्याकडे एक आजी यायच्या, दर वेळी सुई बघितली की ओरडायच्या, "मेल्यांनो, आज परत?" रडायच्या, शिव्या द्यायच्या, आणि हात पुढे करायच्या. हात कधी मागे घेतला नाही. मी तर त्यालाच स्ट्राँग म्हणते.

प्रवासाचं पण सांगून ठेवते, लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो त्यात कॅन्सरच्या पेशंटना बसता येतं, हॉस्पिटलची फाईल किंवा कार्ड जवळ ठेवा. खूप जणांना माहीत नसतं आणि बायका जनरलमध्ये लटकत जातात.

कांदाबटाटा_गाळा
मी फारसं लिहीत नाही, पण ताईंचं ते उधारीच्या वहीचं वाचलं आणि राहवलं नाही. वाशीच्या एपीएमसीत कांदा बटाट्याचा धंदा आहे माझा, राहतो कोपरखैरण्याला. दोन्ही किडन्या गेल्या होत्या, बीपीने, मी गोळ्या घेतच नव्हतो, चूक माझीच. दोन वर्षं डायलिसिस केलं. आठवड्यातून तीनदा, चार चार तास, हातात दोन जाड सुया. मार्केटमध्ये मे महिन्यात घामाघूम व्हायचं आणि पाणी दिवसाला लिटरभर, त्यातच चहा आला, आमटी आली. बर्फाचा खडा तोंडात धरून हिशोब लिहायचो. आणि गंमत बघा, बटाट्याचा व्यापारी, आणि स्वतः बटाटा खायचा तर चिरून उकळून पाणी ओतून द्यायचं, पोटॅशियम असतं म्हणून. हमाल लोक हसायचे, म्हणायचे शेठ तुमचा बटाटा आंघोळ करून येतो.

२०१९ला ताईने किडनी दिली. माझी सख्खी थोरली बहीण, ओतूरला दिलीये. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलवाले डोनरला एकटीला बसवून विचारतात, कोणी जबरदस्ती तर केली नाही ना, व्हिडिओ काढतात. ती बाहेर आली आणि म्हणाली, "विचारत होते कोणी दबाव टाकला का, मी म्हटलं याची काय टाप आहे."

आता ओझ्याचं सांगतो. ऑपरेशननंतर जवळजवळ चार महिने मी ताईशी धड बोललोच नाही. फोन आला की बायकोकडे द्यायचो. नवीन किडनी पोटात खाली उजवीकडे बसवतात, जुन्या तशाच राहतात मागे, हात ठेवला की हाताला लागते. रात्री हात ठेवायचो आणि झोप उडायची. आमच्या धंद्यात शेतकऱ्याचा माल विकला की पट्टी करायची, हमाली इतकी, तोलाई इतकी, वजा जाता एवढे, घे बाबा तुझे पैसे, विषय संपला. मी आयुष्यभर हेच केलं. आता किडनीची पट्टी कशी करणार? हमाली किती धरायची, तोलाई किती? पहिल्या भाऊबीजेला मी ताटात सोन्याची चेन टाकली, दोन तोळ्यांची. ताईने उचलली, बघितली, आणि परत माझ्या खिशात टाकली. म्हणाली, "मी काय विकली होय रे?" सगळ्यांसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग जाताना म्हणते, "द्यायचंच असेल तर एक गोणी कांदा पाठव." अहो तिच्या स्वतःच्या चाळीत कांदा भरलेला होता! तरी मागितला. मी पाठवला. दर दिवाळीला पाठवतो अजून, ओतूरच्या बाईला वाशीहून कांदा, टेंपोवाला पण मला वेड्यात काढतो.

पण ओझं त्याने उतरलं नाही, खरं सांगतो. ते उतरलं पुढच्या वर्षी. भाच्याच्या लग्नात बँडवरून आमचं वाजलं, मी रागात ताईवर जोरात ओरडलो, आणि ओरडून झाल्यावर एकदम थंड पडलो, की अरे देवा, हिने मला किडनी दिली आणि मी हिच्यावर ओरडलो. तोपर्यंत ताईने माझ्या दुप्पट आवाजात मला झापलं. लहानपणी झापायची तसंच. पेशंट म्हणून नाही, बिचारा म्हणून नाही. मी तिथे मांडवात उभा राहून हसायला लागलो. लोकांना वाटलं गोळ्यांचा परिणाम.

तेव्हा कळलं की चार महिने मी तिला देवी करून ठेवली होती, आणि देवीशी माणूस बोलणार काय. आता आम्ही मस्त भांडतो. गोळ्यांचा अलार्म वाजतो सकाळी आठ आणि रात्री आठ, बारा बारा तासांनी, आयुष्यभर. रात्री आठला मी गोळी घेतो आणि तिला मिस कॉल देतो. ती उचलत नाही. तेच ठरलंय.

ताई, डबे रिकामे द्या. साखर पण नको. आणि यांच्यावर ओरडलात ना, चांगलं केलंत.

(ज्यांना डायलिसिस किंवा मोठ्या खर्चाचं टेन्शन असेल त्यांनी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं हॉस्पिटलमध्येच विचारा, आरोग्यमित्राचं टेबल असतं, आता वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. मी लाजून सहा महिने उशिरा विचारलं, तेवढे पैसे गेले.)

ऐरोलीकरीण
दादा, मी हे यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे फक्त "बघ" म्हणाले आणि गप्प बसले. सिस्टर, नळ बंद केलाय 😊 बाकी नंतर लिहिते, आज हात फार बधिर आहेत, फोनवर बोलून टाईप करतेय, चुका असतील.

नौपाड्याची_सून
मी दुसऱ्या बाजूची. करणाऱ्यांतली. माझ्या सासूबाईंना आतड्याचा कॅन्सर होता, २०२२ला गेल्या. त्या तुमच्यासारख्याच, घेणं माहीतच नाही. पाणी देऊ का, "राहू दे मी घेते". पाय चेपू का, "राहू दे गं, तू ऑफिसातून दमून आलीस". भिंतीला धरून स्वतः बाथरूमला जायच्या. सगळे म्हणायचे किती समजूतदार आहेत, कोणाला काही करायला लावत नाहीत. आणि मी घरात असूनही बाहेर उभी असल्यासारखी. मला रागच यायचा त्यांचा, आत्ता लिहिताना पण येतोय. वाटायचं की मी यांची कोणी नाहीच का, एक ग्लास पाणीसुद्धा माझ्या हातचं नको.

शेवटच्या दोन महिन्यांत एकदा शनिवारी संध्याकाळी अचानक म्हणाल्या, मला तलावपाळीला ने. मी म्हटलं बोटीत बसायचंय का, तर म्हणे छे, गडकरीच्या बाहेर बसव, नाटकाला येणारी माणसं बघू. व्हीलचेअर भाड्याने आणलेली होती, नौपाड्यातून तिथपर्यंत ती ढकलत नेणं म्हणजे काय ते ठाण्याच्या लोकांना सांगायला नको, फुटपाथवर आधी स्कूटर मग पाणीपुरीवाला मग परत स्कूटर. पण नेली. आणि आम्ही दीड तास बसलो. नुसत्या साड्या बघितल्या. "ही बघ, पदर बघ कसा घेतलाय." "तो बघ, बायको पुढे गेली आणि हा तिकीट शोधतोय." इतकं हसलो आम्ही. तिसरी घंटा झाल्यावर सगळी माणसं आत गेली, बाहेर एकदम रिकामं झालं, तेव्हा म्हणाल्या, "चल आता, आपलं नाटक संपलं."

आजारपणात मी त्यांचं काय काय केलं असेल, औषधं, बिलं, रात्रीची जागरणं, त्यातलं मला काही आठवत नाही धड. तो दीड तास आठवतो, कारण तो त्यांनी मागितला होता. पाचपाखाडीकडे जाताना गडकरीवरून रिक्षा गेली की मी अजून त्या बाजूला बघते.

तुमच्या सासूबाई थँक्यू म्हटल्यावर आत निघून गेल्या ना, त्यांना ते हिशोब मिटवल्यासारखं वाटलं असेल. त्यांच्याकडे काहीतरी मागा. अगदी क्षुल्लक, पण तुम्हाला खरंच हवं असलेलं. आणि लवकर मागा हो.

सकारात्मक_ऊर्जा
मी वर लिहिलं त्याबद्दल सॉरी. माझ्या आईलाच झाला होता, सहा वर्षं झाली. तेव्हा मी तिला रोज हेच सांगायचो, पॉझिटिव्ह राहा पॉझिटिव्ह राहा. ती हो हो म्हणायची. आता सिस्टरांचं वाचून वाटतंय की ती माझ्यासाठी हो म्हणत होती. मला दुसरं काही बोलायला सुचतच नव्हतं त्यावेळी. रसाचं काढून टाकतो पोस्टमधून, जमलं तर.

निवृत्त_सिस्टर_कळवा
नाही दादा, राहू दे ते वर, पुढच्याला उत्तर वाचायला मिळेल. आणि आईजवळ रोज बसून काहीतरी बोलत होतात ना? खोलीत पाऊल न टाकणारे मुलगे मी खूप बघितलेत.

ऐरोलीकरीण
तीन आठवड्यांनी येतेय. मध्ये एकदा रक्तातल्या पेशींचे काउंट कमी आले म्हणून डोस पुढे ढकलला, त्यामुळे सातच्या ऐवजी सहाच झालेत. ताप पण आला होता एकदा, १०१, रात्री सव्वाबाराला. सिस्टर, तुमचं ते वाक्य डोक्यात होतं, फोन केला, तसंच गाडी करून गेलो, तीन दिवस ॲडमिट होते, आता ठीक आहे. सकाळपर्यंत थांबले असते तर काय, तो विचार करत नाही.

डबे दिले. रिकामे. हे आणि मी दोघं लिफ्टने खाली वर करत होतो, मी डोक्याला स्कार्फ न बांधताच गेले, म्हटलं आज सगळंच उघडं. छाती अशी धडधडत होती की जणू चोरीचा माल परत करायला निघालोय. आणि कोणी डबा उघडून बघितलासुद्धा नाही हो! १०४वाल्यांनी दारातच बसवून घेतलं, त्यांच्या मुलीच्या बारावीचं रडगाणं अर्धा तास ऐकवलं, माझ्या तब्येतीचं एक अक्षर विचारलं नाही. किती महिन्यांनी कोणीतरी मला त्यांचं दुखणं सांगितलं, बाई. मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन चार घास जास्त जेवले.

आणि सासूबाई. काय मागायचं सुचत नव्हतं. मग एका दुपारी म्हटलं, आई, डोक्याला तेल लावता का, टाळू कोरडी पडलीये, मला बोटांनी कळत नाही कुठे लागलं कुठे नाही. त्यांना खाली बसता येत नाही म्हणून त्या खुर्चीत आणि मी खाली पाटावर. खोबरेल कोमट करून आणलं त्यांनी. लावता लावता सांगायला लागल्या की त्या नऊ वर्षांच्या असताना टायफॉइड झाला होता आणि सगळे केस गेले होते, शाळेत मुली चिडवायच्या, तर त्यांच्या आजीने टोपरं शिवून दिलं, लाल रंगाचं, त्याला पुढे झालर. सतरा वर्षं या घरात आहे मी, मला हे माहीतच नव्हतं. यांनाही माहीत नव्हतं. म्हणाल्या, "तुझं डोकं छान गोल आहे गं, माझं मागून चपटं होतं." आता रोज दुपारी लावतात. मी थँक्यू म्हणत नाही. त्या पण "झालं, उठ" म्हणतात आणि पाठीत एक हलकी चापट मारतात.

वही परत काढलीये. त्यात काल फक्त "झालर" एवढंच लिहिलंय.

बाकी एक गोंधळ झालाय. ४०२च्या काकूंच्या तीन कप्प्यांच्या डब्याचं निळं झाकण सापडत नाहीये. त्या भेटल्या की पहिलं तेच विचारतात. आमच्याकडे एक हिरवं जास्तीचं निघालंय, ते कोणाचं आहे कळत नाही, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलाय.